आईचा जुना माठ सजवायचाय: रंगाखालून पांढरी भुकटी येते, काय करू?

रानजाई | ६ मे, रात्री १०:१५

मंडळी, नमस्कार.

दिवाळीनंतर बार्शीचं घर रिकामं केलं. भांडीकुंडी वाटली गेली. मी फक्त आईचा माठ मागून घेतला आणि डोंबिवलीपर्यंत मांडीवर घेऊन आले. साधारण १२ लिटरचा, लाल, बुटका, भरल्या पोटाचा. बुडाशी केसासारखी चीर आहे, त्यामुळे पाणी राहत नाही. माळ्यावर टाकवेना, म्हणून हॉलच्या कोपऱ्यात फुलदाणीसारखा ठेवायचं ठरवलं.

डिसेंबरात घासून धुतला, दोन दिवस गॅलरीत वाळवला, पिवळा ऑइलपेंट दिला आणि अलिबागहून आणलेले शिंपले पांढऱ्या डिंकाने चिकटवले. सुरुवातीला सुरेख दिसत होता. मार्चपासून पोटावर रंगाचे फोड यायला लागले. परवा एक फोड नखाने दाबला तर पापडासारखा मोडला आणि आतून पिठासारखी पांढरी भुकटी सांडली. शिंपला रंगाच्या पापुद्र्यासकट हातात आला.

आता पुन्हा करायचं तर नीट करायचंय. ऑइलपेंट नको. काथ्या, शिंपले, बिया, पानं अशाच वस्तू वापरायच्या आहेत, आणि डोंबिवलीचा पावसाळा त्याने काढला पाहिजे. कुणी असं काम केलंय का?

एक सांगायचं राहिलं. माठाच्या काठावर एका बाजूला दोन बोटं रुंद जागा झिजून गुळगुळीत झाली आहे. आई डावखुरी होती. झाकण सरकवून ती रोज तिथेच ओगराळं टेकवायची. डिसेंबरात मी त्यावरही रंग फासला होता. ती जागा मला परत हवी आहे.

खाडीकाठ | ६ मे, रात्री ११:०२

ताई, सजावटीचं नंतर बघू. त्या रंगाला आधी हात लावू नका, सँडपेपर तर अजिबात नको. माठाला वरून जी लाल कावेची कांती असते ती एकदा गेली की परत येत नाही. आपल्याकडे चाकावर काम केलेले एक सभासद आहेत, ते सांगतील.

चाकावरची माती | ७ मे, सकाळी ७:३०

खाडीकाठ, हाक ऐकली. आमच्या घरी तीन पिढ्या पुण्यात माठ घडवायचे. मी आता नोकरी करतो, पण भट्टी लावायला लहानपणापासून हात लावलाय.

ताई, ती पांढरी भुकटी म्हणजे बुरशी नाही आणि रंगही वाईट नव्हता. ते पाण्यातले क्षार आहेत. माठाच्या मातीत आम्ही राख आणि घोड्याची लीद मिसळतो. भट्टीत लीद जळून जाते आणि तिच्या जागी बारीक बारीक छिद्रं राहतात. त्या छिद्रांतून पाणी बाहेर झिरपतं, हवेत उडून जाताना माठाची उष्णता घेऊन जातं, म्हणून पाणी गार होतं. पाणी उडतं, पण त्यातले क्षार कुठे जाणार? ते अंगातच बसतात. बार्शीकडे बोअरचं पाणी जड असतं, त्यामुळे इतक्या वर्षांचे क्षार तुमच्या माठाच्या अंगात भरलेले असणार. जुना माठ पाणी गार करेनासा होतो त्याचं कारणही बहुतेक वेळा हेच असतं, छिद्रं बुजतात.

तुम्ही धुतलात तेव्हा ते क्षार विरघळले. दोन दिवसांत माठ वरून कोरडा दिसतो, आतून ओला असतो. त्यावर ऑइलपेंट बसला. आतल्या ओलीला बाहेर पडायचं होतं, ती रंगाखाली आली, तिथे क्षाराचे खडे धरले आणि त्यांनी रंग उचलला. तुम्ही जगातला सगळ्यात महाग रंग लावला असता तरी हेच झालं असतं.

आता असं करा. मोठ्या टबात माठ पूर्ण बुडेल इतकं पाणी घ्या. नळाचं चालेल, बोअरचं नको. सकाळ-संध्याकाळ पाणी बदलायचं, निदान ५ दिवस. रंगाखालचे क्षार विरघळले की रंगाचे पापुद्रे आपोआप सुटे होतात, ते बांबूच्या चिपाटाने अलगद काढा. कुठे पांढरं पुटं उरलंच तर पाण्यात थोडं व्हिनेगर घालून नारळाच्या किशीने चोळा आणि लगेच भरपूर पाण्याने धुवा. विस्तवावर धरून रंग जाळायचा सल्ला कुणी देईल, तो ऐकू नका. एका बाजूने आंच लागली की जुना माठ फुटतो, आणि त्या रंगाचा धूर छातीला वाईट.

मग वाळवणं. पहिले चार दिवस सावलीत, नंतर ऊन. वाळला हे हाताला कळत नाही, वजनाला कळतं. बॅगा मोजायचा हुकाचा काटा मिळतो, माठ धोतरात बांधून त्याला टांगा. सलग तीन दिवस वजन तेवढंच आलं की वाळला समजा. मे महिना चालू आहे, यापेक्षा चांगला मुहूर्त नाही.

बकुळछाया | ७ मे, दुपारी १२:१०

माझ्याकडे संक्रांतीची बारा-पंधरा सुगडं पडून आहेत, दरवर्षी पाच जमतात. त्यांनाही हेच करावं लागेल का?

चाकावरची माती | ७ मे, दुपारी १:४५

नाही. सुगडात पाणी कधी भरलेलंच नसतं, त्यामुळे क्षार नाहीत. ओल्या फडक्याने हळदीकुंकू पुसा आणि दोन उन्हं द्या, पुरे. पण त्यातली बरीचशी कच्ची भाजलेली असतात. त्यांना पाण्यात बुडवून ठेवू नका, विरघळतील.

रानजाई | २४ मे, रात्री ९:२०

सगळं सांगितल्याप्रमाणे केलं. पहिल्या दिवशीचं पाणी मी जिभेला लावून पाहिलं, खारट लागत होतं. सातव्या दिवशीपर्यंत पाणी बदलत राहिले. तिसऱ्या दिवसापासून रंग मोठमोठ्या पट्ट्यांनी सुटला. काठावरचा शेवटपर्यंत धरून होता, तो काढायला दोन संध्याकाळी गेल्या. पण ती गुळगुळीत जागा परत मिळाली. अंगठा अगदी बरोबर बसतो तिथे.

वजन: टबातून काढला तेव्हा ५ किलो ९००. सावलीतल्या चार दिवसांनी ५ किलो ४००. आज तीन दिवस ५ किलो १०० वर थांबलाय. माझ्या हाताला तो त्याच्या बराच आधी कोरडा वाटला होता. डिसेंबरात मी केवढ्या ओल्या माठाला रंग दिला होता, हे आता कळलं.

आता सजावटीबद्दल सांगा.

खाडीकाठ | २४ मे, रात्री १०:०५

आता माझी पाळी. सुतळी घेऊ नका, सुंभ घ्या. दुकानात शोभेच्या वस्तूंसाठी जी मऊ, पिवळसर दोरी मिळते ती तागाची असते. ताग पावसाळ्यात ओल पितो आणि काळे ठिपके धरतो. आमच्याकडे नारळाची सोडणं खाडीच्या पाण्यात महिनोन्महिने कुजत घालतात, मग बडवून काथ्या काढतात आणि तो वळून सुंभ करतात. इतके दिवस चिखलपाण्यात राहून जो धागा उरला, त्याला डोंबिवलीची हवा काय करणार? विहिरीच्या रहाटाला, होडीला, मांडवाला आम्ही तोच वापरतो.

सुंभ आधी रात्रभर पाण्यात ठेवा, मग दोन खिळ्यांमध्ये ताणून वाळवा. त्याचं पहिलं आकसणं होऊन जातं आणि रंगाचं पाणीही निघतं. नाहीतर लाल मातीवर तपकिरी ओघळ येतात. गुंडाळताना बुडापासून सुरुवात करायचा मोह होतो. माठाच्या पोटाखाली वेढे घसरतात, तिथे भरपूर डिंक लावल्याशिवाय राहत नाहीत. पोटाच्या वर, खांद्यावर मात्र प्रत्येक वेढा खालच्या वेढ्यावर बसतो. म्हणून फक्त खांदा गुंडाळा. खालचं अंग उघडं राहू दे, माठालाही हवा लागेल. तुमच्या मापाला बोटाएवढ्या जाडीचा ११-१२ मीटर लागेल. मी पाठवतो, पत्ता निरोपातून कळवा.

पॉलिशकाका | २५ मे, सकाळी ८:५०

माझं मत थोडं वेगळं आहे. आयुष्यभर लाकडावर पॉलिश केलंय. एवढी मेहनत केली आहे तर आतून-बाहेरून वॉर्निशचे दोन हात देऊन टाका, ओल आत शिरायलाच नको.

चाकावरची माती | २५ मे, सकाळी १०:१५

काका, लाकडाचं मी तुमच्याकडून शिकेन. पण माठ पूर्ण सीलबंद होत नाही. त्या बुडाच्या चिरेतून हवेची ओल आत जाणारच आणि मग तिला बाहेर पडायला वाट नाही. डिसेंबरातलं सगळं पुन्हा घडेल. या माठात पाणी ठेवायचं नाही, माती घालून झाड लावायचं नाही. फक्त सुकलेली फुलं-कणसं. मग वॉर्निशची गरजच उरत नाही.

पॉलिशकाका | २५ मे, दुपारी ४:३०

पटलं. बियांवर आणि करवंटीच्या तुकड्यांवर चकाकी हवी असेल तर स्पिरिटमध्ये चपडा विरघळवून हात द्या. चपडा म्हणजे लाखच, झाडावरच्या किड्याने केलेली. पण तो ओलीने पांढुरका पडतो, म्हणून ओल्या फडक्याने पुसायचं नाही.

तारपा | २७ मे, रात्री ८:४०

डहाणूहून लिहितो, शाळेत शिकवतो. धागा वाचून राहवलं नाही.

माठाचं उघडं अंग लाल आहे, त्यावर पांढरं चित्र किती उठून दिसेल! आमच्याकडे कुडाच्या भिंतीला शेणाने सारवून वर गेरू देतात आणि तांदूळ वाटून त्याच्या पांढऱ्या पाण्याने चित्र काढतात. बांबूची काडी चावून तिचं टोक कुंचल्यासारखं मऊ करतात. जिव्या सोमा म्हसे यांनी ही वारली चित्रं भिंतीवरून कागदावर आणली, त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. पण त्यांच्या आधी पिढ्यान् पिढ्या हे काम लग्नघरातल्या बायकांच्या हातात होतं, हे मी मुलांना आवर्जून सांगतो.

दोन सूचना. तांदळाचं पाणी भिंतीवर ठीक, घरातल्या माठावर त्याला झुरळं आणि किडे लागतात. विरवलेला चुना घ्या, त्यात बाभळीच्या डिंकाचं पाणी घाला. चुना हवेत मुरत मुरत घट्ट होतो आणि माठाची छिद्रंही बुजवत नाही. दुसरी सूचना मनापासूनची आहे. लग्नाच्या चौकातली पालघट देवी शोभेच्या भांड्यावर काढू नका. ती विधीशिवाय काढली जात नाही. झाडं काढा, पक्षी काढा, शेतातली माणसं काढा.

रानजाई | २७ मे, रात्री ९:३०

तारपा सर, बरं झालं सांगितलंत. मला ठाऊक नव्हतं. मी माणसं न काढता फक्त चुन्याच्या दोन रेघा आणि ठिपके काढेन, आई तुळशीवृंदावनावर काढायची तसे.

मांडवीपार | २८ मे, दुपारी ३:००

गोव्याहून. शिंपल्यांबद्दल बोलू का?

बाजारातले चकचकीत शंख घेऊ नका. त्यातले बरेच जिवंत प्राण्यासकट काढलेले असतात आणि काही जाती तर वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली येतात. किनाऱ्यावर पडलेले घ्या, नाहीतर सरळ घरी आमटीला आणलेल्या तिसऱ्यांचे, म्हणजे खायच्या शिंपल्यांचे. आमटी झाली की शिंपल्या उकळायच्या, आतला पापुद्रा ब्रशने काढायचा आणि दोन दिवस गोड्या पाण्यात ठेवायच्या. समुद्राचं मीठही तुमच्या माठाच्या क्षारासारखंच, ओल ओढून घेतं आणि डिंक सोडवतं.

आणि चिकटवता कशाला? गोव्याच्या जुन्या घरांत खिडक्यांना काचेऐवजी पातळ पारदर्शक शिंपले बसवलेले असत. ते चिकटवलेले नव्हेत, लाकडी पट्ट्यांच्या खाचेत अडकवलेले. म्हणून शंभर पावसाळे काढले. किनाऱ्यावर नीट पाहिलंत तर काही शिंपल्यांना टोकाजवळ एक अगदी गोल भोक असतं, कुणी बारीक गिरमिटाने पाडल्यासारखं. ते दुसऱ्या एका शिकारी गोगलगाईचं काम. ती शिंपला पोखरून आतला जीव खाते. असे शिंपले वेचा. भोक तयार असतं, काथ्याच्या धाग्याने सुंभाला ओवता येतात. पडायचा प्रश्नच नाही.

शिशिरपान | ३० मे, सकाळी ६:२०

मी न्यू जर्सीत असते. माझ्याकडे माती नाही, काचेसारखी झिलई असलेली जुनी फुलदाणी आहे आणि घरामागे पाइनची सुकलेली फळं हवी तेवढी. पुन्हा पुन्हा चिकटवते, पुन्हा पडतात.

चाकावरची माती | ३० मे, सकाळी ९:००

झिलईला डिंक धरायला जागाच नसते. तुमच्या भांड्याला डिंक नको, बांधणी हवी. मानेभोवती दोरीचे घट्ट वेढे घ्या आणि फळं बारीक तारेने त्या दोरीला बांधा.

शिशिरपान | ३१ मे, सकाळी ६:४५

बांधली, आणि राहिली! इतरांच्या उपयोगासाठी सांगते: ही फळं ओलीत मिटतात आणि कोरडी झाली की उघडतात, त्यानेच माझा डिंक सुटत असणार. आता ओव्हनमध्ये ९० अंश सेल्सिअसला अर्धा तास ठेवून मगच घेतली, आतले किडेही मरतात. ओव्हनजवळून हलायचं नाही, राळ असते.

बकुळछाया | २ जून, सकाळी ११:३०

सुगडांवर मी गुंजा लावायचं म्हणतेय, लाल-काळ्या फार गोड दिसतात.

दवाखानारोड | २ जून, दुपारी १२:०५

बकुळछाया, कृपया नको. गुंजेचं बी अखंड गिळलं तर कधी कधी तसंच बाहेर पडतं, पण चावलं किंवा भोक पाडलेलं असलं तर आतलं विष जीवघेणं आहे. तुमच्याकडे नातवंडं येतात असं तुम्हीच मागे लिहिलं होतं. सुगड हाताच्या उंचीवर असतं आणि लाल मणी मुलं आधी तोंडात घालतात. सीताफळाच्या बियाही नकोत, त्यांची पूड डोळ्यात गेली तर गंभीर इजा होते. चिंचोके घ्या. पॉलिशकाकांचा चपडा दिला की तेही सुंदर तांबूस चमकतात.

बकुळछाया | २ जून, दुपारी १२:४०

गुंजा आत्ताच काढून टाकल्या, पिशवी बंद करून. धन्यवाद, डॉक्टर.

माणदेशी | ५ जून, रात्री ८:००

चिंचोक्याचा विषय निघाला म्हणून. पानं चिकटवायला पांढरा डिंक कशाला? चिंचोक्याची खळ करा. आमच्या भागात घोंगडीच्या सुताला हीच खळ देतात, तिच्याशिवाय घोंगडीला ताठपणा येत नाही.

चिंचोके भाजायचे, तडतडले की साल चोळून काढायची. पांढरा गर रात्रभर भिजवायचा, सकाळी पाट्यावर किंवा मिक्सरवर गंधासारखा वाटायचा, मग भरपूर पाण्यात घालून मंद आंचेवर ढवळत राहायचं. आधी दुधाळ असतं, शिजलं की पारदर्शक होतं आणि पळीवरून तार धरतं. मूठभर चिंचोक्यांत एक माठ होईल. दोन-तीन दिवसांत आंबते, तेव्हा लागेल तेवढीच करा. पुस्तकं बांधणारे खळीत मोरचूद घालतात, पण ते विषारी. घरात मुलं असतील तर त्याऐवजी कडुलिंबाचा पाला उकळलेल्या पाण्यात खळ शिजवा.

रानजाई | २६ जून, रात्री १०:४०

माणदेशी, तुमची खळ जमली. तिसऱ्या खेपेला जमली, पहिल्या दोन वेळा मी साल नीट काढली नव्हती आणि खळ तपकिरी झाली.

मधल्या काळात पिंपळाची पानं करत होते, त्याबद्दल लिहिते. मोठी, निबर, न किडलेली १० पानं बादलीत पाण्याखाली दाबून ठेवली, वर पाटा. दर तीन दिवसांनी पाणी बदललं. वास येतो, बादली गॅलरीतच ठेवा. २२ व्या दिवशी एक पान ताटात पाण्यात पसरलं आणि दाढीच्या मऊ ब्रशने देठाकडून टोकाकडे अगदी हलकेच थोपटलं. हिरवा गाळ ढगासारखा सुटायला लागला. आधी मधली शीर मोकळी झाली, मग दोन्ही बाजूच्या शिरा, मग त्यांच्यामधली जाळी, आणि त्या जाळीच्या आत आणखी एक जाळी, कोळ्यानेही विणली नसती इतकी बारीक. पान उचललं तर त्यातून ताटातली फुलं दिसत होती. १० पैकी ४ पानं फाटली. घाई केली तीच फाटली.

तीन पानं खळीने माठाच्या पोटावर लावली. खळ माठाला लावायची, पानाला नाही. वरून सुती फडक्याने टिपून घ्यायचं. वाळल्यावर खळ दिसतसुद्धा नाही, नुसती जाळी मातीवर उमटल्यासारखी वाटते.

सुंभ खांद्यावर गुंडाळला, १४ वेढे झाले. काठ आणि मान पूर्ण उघडी ठेवली आहे. मांडवीपार म्हणाल्या तसे भोकाचे शिंपले अलिबागच्या पिशवीत शोधले, ९ निघाले. ते शेवटच्या वेढ्याला ओवून पोटावर मोकळे सोडलेत.

खाडीकाठ | २६ जून, रात्री ११:१०

काठ उघडा ठेवलात हे फार आवडलं. आता पावसाळा जाऊ दे, मग सांगा.

रानजाई | १९ ऑक्टोबर, सायंकाळी ७:१५

पावसाळा गेला, म्हणून हजेरी लावते.

जुलैत सलग दोन आठवडे कपडे वाळत नव्हते. मी रोज माठाच्या अंगावरून कोरडा तळवा फिरवून बघायचे. पांढरं काही लागलं नाही. चुन्याची एक रेघ ऑगस्टमध्ये चीर गेली तिथे पुसट झाली, ती परवा पुन्हा ओढली. एका पानाचं टोक उचललं होतं, बोटभर खळीने बसलं. सुंभाला बुरशी नाही. सजावटीसकट वजन जूनअखेर ५ किलो ६०० होतं, ऑगस्टमध्ये ५ किलो ७५० झालं, आज पुन्हा ५ किलो ६०० आहे. म्हणजे तो पावसाळ्यात ओल घेतो आणि सोडून देतो. चाकावरची माती, तुम्ही म्हणालात तसंच.

आत आता मामेभावाने बार्शीहून पाठवलेली ज्वारीची कणसं आहेत. त्यांना टोके लागू नयेत म्हणून पाच दिवस फ्रीजरमध्ये ठेवून मग उन्हं दिली. शेजारी कुरडूचे तुरे, आणि रुळांपलीकडच्या डबक्यातली दोन पाणकणसं, पिकून कापूस सुटायच्या आधीच कापलेली. काठाची ती जागा मी दाराच्या बाजूला ठेवली आहे. धाकटी बहीण गणपतीत आली होती. तिला मी काही सांगितलं नव्हतं. चप्पल काढून आत आली आणि तिचा हात सरळ तिथेच गेला.

खाडीकाठ, तुम्ही पाठवलेल्यातला साधारण दोन वाव सुंभ उरलाय, भिजवून ताणून वाळवलेला. बकुळछाया, तुमच्या सुगडांना हवा असेल तर पाठवते. निरोपातून पत्ता कळवा.

बकुळछाया | १९ ऑक्टोबर, रात्री ८:०५

हो, पाठवा. चिंचोके लावून पाच झाली आहेत, सात उरली आहेत. पत्ता कळवते.